तिकिटाखालची ती छोटी चौकट

शाळा सुटायला आल्या. रात्री अकराला मुलं झोपली की घराघरात मुंबईची तिकिटं शोधणं सुरू झालं असेल. कुणी आई-बाबांना इकडे बोलावतंय. पैसे भरायच्या आधी एक चौकट येते, प्रवासविमा हवा का? आपण घाईत 'हो' किंवा 'नाही' करतो आणि पुढे जातो.

मीही तेच केलं होतं. आई आमच्याकडे ह्यूस्टनला आली तेव्हा 'हो' केलं आणि निश्चिंत झाले. तिसऱ्या आठवड्यात ती जिन्यात घसरली, मनगट मोडलं. पॉलिसी उघडून पाहिली तर त्यात तिकीट होतं, बॅग होती, दवाखाना नव्हता. बिलाचे हप्ते दीड वर्ष फेडले. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. प्रवासात लोक पूर्वी विमा काढायचे तो नेमका कशाचा?

आपल्याच किनाऱ्यापासून बघा. मुंबई-गुजरातच्या व्यापाऱ्यांत 'जोखमी हुंडी' चालायची. माल गलबतात चढला की व्यापाऱ्याला पैसे आधीच मिळत. गलबत सुखरूप पोचलं तर हुंडी चुकती करायची, बुडालं तर हुंडीही बुडाली. अशा हुंडीचा खटला मुंबई हायकोर्टापर्यंतही गेला होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सचे व्यापारीही असंच कर्ज घेत. जहाज पोचलं तर जबर व्याजासकट परत, बुडालं तर माफ. दोन्हीकडे मुद्दा एकच होता. जे गेलं तर माणूस पुन्हा उभा राहणार नाही, त्याची जोखीम दुसऱ्यावर टाकायची.

रेल्वे आली तेव्हाही हेच. १८४९ मध्ये इंग्लंडात रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी निघाली. स्टेशनवर तिकिटाबरोबर विमा मिळायचा. पहिल्या वर्गाला ३ पेन्समध्ये १००० पौंड, तिसऱ्या वर्गाला १ पेनीत २०० पौंड. गाडी उशिरा आली किंवा पेटी हरवली, याचे ते पैसे नव्हते. अपघातात जीव गेला किंवा इजा झाली, तर घर उघड्यावर पडू नये म्हणून ते होते.

आगाऊ पैसे भरून सहली करायची पद्धत वाढली, तसा विमा तिकीट-हॉटेलाच्या पैशांकडे वळला. तिथेच फटी दिसायला लागल्या. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसली, तेव्हा राख म्हणजे 'खराब हवामान' की नाही यावर विमा कंपन्या आणि प्रवासी भांडत बसले. २०२० मध्ये कोविड आला आणि अनेकांना कळलं की आपल्या पॉलिसीत साथीचे रोग वगळलेले आहेत. संकट जाहीर झाल्यावर काढलेला विमा त्या संकटाला सहसा चालत नाही, हेही तेव्हाच कळलं.

म्हणून आता मी आधी कागद घेते. प्रवासाचा एकेक खर्च लिहायचा. जो तसाही परत मिळतो तो खोडायचा. विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलं तर अमेरिकेत आणि युरोपात तिकिटाचे पैसे परत मागता येतात. अनेक हॉटेलं ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द होतात. काही क्रेडिट कार्डांत बॅगेचं संरक्षण असतं. उरलेल्यातला जो खर्च बुडाला तर नुसती हळहळ वाटेल, तो आपला आपण सोसायचा. जो बुडाला तर वर्षाचं गणित कोलमडेल, त्याचाच विमा काढायचा.

बहुतेक घरांत त्या यादीत सगळ्यात वर तिकीट नसतं, दवाखाना असतो. मुलांना भारतात नेताना इथला आरोग्यविमा तिकडे चालतो का, ते विचारा. आई-बाबा येणार असतील तर बीपी, शुगर अशा आधीपासूनच्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय आणि सुरुवातीची किती रक्कम आपल्या खिशातून जाणार, हे दोन परिच्छेद तरी चहा घेत शांतपणे वाचा.

गलबतवाल्यांना कळत होतं, कशाचं ओझं स्वतः उचलायचं आणि कशाचं नाही. आपणही तेवढं ठरवून मगच त्या चौकटीवर टिचकी मारूया.

तुमच्या यादीत सगळ्यात वर काय आलं? खाली नक्की लिहा.