सावलीचा प्रश्न

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डोळ्याचे ऑपरेशन झाले, त्यामुळे संगणकापासून दूर राहण्याची ताकीद होती. आता डॉक्टरांनी मोकळीक दिली आहे. सौ. मात्र अजून दिलेली नाही. असो.

दिवाळीनंतर माझा पुतण्या नागपूरहून आला होता. तो तयार कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका व्यवसायात आहे. आमच्या आरमोरी भागातल्या टसर कोशाचे कापड घेऊन त्याचे स्टोल आणि जॅकेटे करून विलायतेला पाठवावीत, असे त्याच्या मनात आहे. येताना त्याने एक जाडजूड प्रश्नावली आणली होती. कोश कोणत्या जंगलातला? अळ्या कोणी पाळल्या? धागा कोणी काढला? त्याला किती मजुरी मिळाली? कामात लहान मुले होती का?

मी वाचत असताना तो म्हणाला, "काका, हे नवीन फॅड निघालं आहे. गिऱ्हाइकाला आता कपड्याची जन्मपत्रिका हवी असते."

मी म्हटले, "फॅड असेल, पण नवीन नाही. वैनगंगेचा पूल ओलांड, व्याहाड मागे टाक, की सावली लागते. तिथे हे प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी विचारून झाले आहेत."

त्याला ते ठाऊक नव्हते. आपल्यापैकीही अनेकांना नसेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

सावली आज चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे आपण सगळे एकाच चांदा जिल्ह्याचे. या भागात हाताने कातणे-विणणे जुने. कोष्टी विणत, महार समाजातली कुटुंबे जाडेभरडे कापड विणत. गिरणीचे स्वस्त सूत आणि कापड आले तसे हे काम बसत गेले. पुढे अखिल भारत चरखा संघ १९२५ साली स्थापन झाला आणि सावली हे खादीचे नाव घेण्याजोगे केंद्र बनले. फेब्रुवारी-मार्च १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच सावलीत भरले. अध्यक्ष किशोरलाल मश्रूवाला होते आणि स्वतः गांधीजी तिथे मुक्कामाला होते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या काही महिने आधीची. ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाने एक ठराव केला. तोपर्यंत खादी जितकी स्वस्त तितकी खपते असे सर्वांचे धोरण होते. त्यात दिवसभर सूत कातणाऱ्या बाईच्या हाती जेमतेम आणा-दीड आणा पडे. गांधीजींचे म्हणणे असे की आठ तासांच्या नीट कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत. कार्यकर्ते घाबरले. खादी महागली तर घेणार कोण? बरीच चर्चा झाली आणि शेवटी ठरले ते असे: आठ तास चांगले काम करणाऱ्याला निदान पुरेसे अन्न आणि वर्षाला वीस वार कापड मिळेल इतकी मजुरी असलीच पाहिजे. अन्न म्हणजे काय, तेही आहारशास्त्राच्या हिशेबाने.

थोडा विचार करा. बाजारभावावरून मजुरी काढायची, ही जगाची रीत. इथे आधी ताटातली भाकरी मोजली, तिच्यावरून मजुरी काढली आणि मजुरीवरून कापडाची किंमत. विनोबांनी तर वर्ध्याजवळ नालवाडीला स्वतः कातून मिळणाऱ्या मजुरीवरच राहण्याचा प्रयोग केला होता. मजुरी किती असावी हे सांगणाऱ्याने आधी तिच्यावर जगून पाहावे, ही पद्धत मला फार आवडते.

हा नियम पाळायचा कसा, तर प्रमाणपत्राने. चरखा संघाचे प्रमाणपत्र असेल तरच ती खादी, नाहीतर 'अप्रमाणित'. आज ज्याला 'जबाबदार खरेदी' म्हणतात, ती याहून वेगळी काय आहे?

आता दुसरी बाजू. परदेशी माल पाठवायचा म्हटला की जकात आली आणि जकात म्हटली की सवलत आली. ही सवलत कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्नही जुनाच. १८९६ मध्ये सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क ठेवले आणि बरोबरीने आपल्या देशातल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. का, तर मँचेस्टरच्या मालाला आपल्याकडे तोशीस लागू नये. हा कर जायला १९२६ साल उजाडले. पुढे १९३२ मध्ये ओटावा करार झाला, त्यात साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांच्या मालाला सवलत द्यायची होती. साम्राज्य कोणाचे, हे ठाऊक असल्यावर सवलतीचे पारडे कुठे झुकणार हे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर पारडे आपल्याकडे झुकवायचा प्रयत्न झाला. १९६८ साली दिल्लीत संयुक्त राष्ट्रांची व्यापार परिषद भरली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. रेडिओवर बातम्या ऐकल्याचे आठवते, कळले काहीच नव्हते. गरीब देशांच्या मालावर श्रीमंत देशांनी कमी जकात घ्यावी हे तत्त्व त्या परिषदेत मान्य झाले. युरोपने ते १९७१ पासून आणि अमेरिकेने १९७६ पासून अमलात आणले. (अमेरिकेने भारताची ती सवलत ५ जून २०१९ पासून काढून घेतली.) पण एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घ्यावे तसे १९७४ पासून कापड आणि कपड्यांवर कोटा आला. कोणत्या देशाने किती नग पाठवायचे ते ठरलेले. हा कारभार २००४ अखेरपर्यंत चालला.

गंमत अशी की त्या कोट्यातून हातमागाचे कापड, त्याच्या घरगुती हस्तोद्योगातल्या वस्तू आणि परंपरागत लोककलेचे कपडे वगळलेले होते. अट एकच, माल खरोखर हाताचा आहे असे सरकारी प्रमाणपत्र हवे. म्हणजे आमच्या झाडीतल्या विणकराला दार उघडे होते. पण त्या प्रमाणपत्रात आणि सावलीच्या प्रमाणपत्रात फरक पाहा. एक विचारते, कापड हाताने विणले का? दुसरे विचारते, त्या हाताला खायला मिळाले का?

हे सगळे पुतण्याला सांगून झाल्यावर मी म्हटले, "चल, कोशवाल्यांनाच भेटू." आरमोरीच्या पुढे एका गावात माझा जुना विद्यार्थी टसरची पैदास करतो. ढिवर समाजाचा हा पिढीजात धंदा. नदीत मासे आणि रानात कोश. ऐन आणि अर्जुन या झाडांवर अळ्या सोडतात. तुतीच्या रेशमासारखे हे घरात टोपलीत होत नाही, उघड्या रानात होते. त्यामुळे पक्षी, मुंग्या, पाऊस, सगळ्यांपासून राखण करावी लागते. दिवसदिवस झाडाखाली बसून गुलेर मारायची, हाकारे घालायचे.

आणि इथेच माझ्या घशात घास अडकला. कारण राखणीला कोण बसायचे ते मला पक्के माहीत होते. मी शाळेवर असताना भादव्यापासून दसऱ्यापर्यंत ढिवर मोहल्ल्यातली पोरे वर्गात दिसायची नाहीत. मी हजेरीवर फुल्या मारत गेलो. एका मुलाचे तर सलग गैरहजर म्हणून नाव कमी केले. तो पुढे पुन्हा आला नाही. त्याच्या झाडाखाली जाऊन चौकशी करावी, हे मला तेव्हा सुचले नाही. शाळा झाडापासून पाऊण कोस होती.

पुतण्याने प्रश्नावली वाचून दाखवली. विद्यार्थ्याने (आता त्याचेही केस पांढरे झाले आहेत) सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "गुरुजी, यात आमाले काय भेटते जी?"

पुतण्या जकातीच्या सवलतीबद्दल बोलू लागला. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनबरोबरच्या करारावर सह्या झाल्या, त्यात आपल्या कपड्यांवरचे शुल्क शून्यावर आणण्याची तरतूद आहे, वगैरे. मी त्याला मध्येच थांबवून विचारले, "जकात भरतो कोण?" "तिकडचा आयातदार." "मग वाचते ती कोणाची?" तो गप्प बसला.

हिशेब साधा आहे. समजा हजार रुपयांच्या कपड्यावर दहा टक्के जकात आहे आणि ती माफ झाली. वाचलेले शंभर रुपये आधी आयातदाराच्या खिशात राहतात. निर्यातदाराने भाव करताना मागितले तर त्यातले काही इकडे येतील. निर्यातदाराने दिले तर विणकराकडे, विणकराकडून धागा काढणारीकडे आणि तिथून झाडाखाली बसणाऱ्याकडे. आपोआप काहीच झिरपत नाही. ते कुठेतरी लिहून ठेवावे लागते. १९३५ च्या ठरावाने नेमके तेच लिहून ठेवले होते.

नाहीतर काय होते, हे आपल्या शेजारी घडले आहे. बांगलादेशच्या कपड्यांना २००१ पासून युरोपात जकात नव्हती. धंदा भरभराटला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि अकराशेच्या वर माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले होते. सवलत होती, पण सवलतीबरोबर माणसाचा प्रश्न कोणी बांधलेला नव्हता.

आमच्या कोशातही असा प्रश्न आहे. टसरचा धागा बायका पिढ्यानपिढ्या उघड्या मांडीवर वळत आल्या. कातडी सोलवटते. आता त्यासाठी छोटी यंत्रे निघाली आहेत आणि मांडीवरचा धागा बंद व्हावा असा सरकारचाही प्रयत्न आहे. पण यंत्र घ्यायला पैसा लागतो आणि तो धाग्याच्या भावातूनच यायला हवा.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी प्रश्नावली भरली. मुलांच्या रकान्यापाशी पुतण्याचा पेन 'नाही' वर टेकला होता. मी म्हटले, "खरं लिही." कायदा काय सांगतो ते त्याला माहीत होते. २०१६ च्या दुरुस्तीनुसार शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल घरच्या कामाला मदत करू शकते, शाळा बुडवून नाही. मग असे लिहिले: 'मुले सुट्टीच्या दिवशी राखणीला बसतात. शाळेच्या वेळेत बसू नयेत यासाठी हंगामात मजुरीने राखणदार ठेवावा लागेल. त्याचा खर्च कोशाच्या भावात धरला आहे.' आणि भावाच्या रकान्यात तो खर्च मिळवून आकडा टाकला.

पुतण्या म्हणाला, "काका, ऑर्डर जाईल."

जाईलही. कार्यकर्त्यांनी गांधीजींना हेच सांगितले होते. प्रश्नावली पाठवून आता तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही. आले की इथे लिहीनच.

परतताना विद्यार्थ्याने दोन कोश माझ्या हातावर ठेवले. तपकिरी, कडक, बदामासारखे. ते मी टेबलावर ठेवले आहेत. ज्याचे नाव मी हजेरीतून कमी केले होते, तो याचाच धाकटा भाऊ. तो कसा आहे, हे विचारायचे त्या दिवशीही माझ्याच्याने झाले नाही. पुढच्या खेपेला विचारीन.