पायलीपासून पिपेटपर्यंत

मंडळी, जुन्नरच्या लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले, असे तो सांगतो. म्हणजे या भागातली धान्यपेठ सुमारे अठराशे वर्षे तरी जुनी.

आणि धान्य आपण आजोबांच्या काळापर्यंत मापानेच मोजत आलो. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. पण पायली गावागणिक वेगळी! शीग लावायची की काठाशी सपाट करायची, यावरही तंटे. १९५६च्या कायद्याने आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या मेट्रिक मापांनी हा घोळ मिटवला. मिटवला खरा, पण लिटरचे भांडे बरोबर आहे हे कोणी ठरवायचे?

आज जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न दुधाला येऊन भिडतो. दुधाचा भाव फॅटवर ठरतो. गर्बर पद्धतीत १०.७५ मिलिलिटर दूध पिपेटने घेतात. पिपेटमधून १०.५च पडले, तर ४.० फॅटचे दूध ३.९ दाखवते. शेतकऱ्याचे नुकसान रोजचे, आणि डोळ्यांना न दिसणारे.

म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पिपेटची परीक्षा होते. ती कशी, बघा. शुद्ध पाणी पिपेटने सोडायचे आणि वजन करायचे. २० अंश सेल्सिअसला १०.७५ मिलिलिटर पाणी हवेत सुमारे १०.७२ ग्रॅम भरते. म्हणजे आकारमानाचा न्याय तराजू करतो. मग तराजूचा? प्रमाणित वजने. त्या वजनांचा? दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिथला किलोग्रॅम पॅरिसजवळच्या मूळ किलोशी जुळवलेला होता. २० मे २०१९पासून किलोची व्याख्याच प्लांकच्या स्थिरांकावर आहे.

आपल्या तर्कशास्त्रात याला अनवस्थेची भीती म्हणतात. नागार्जुनाने विचारले होते, प्रमाणाला प्रमाण कोणते? न्यायसूत्रांनी उत्तरात तराजूच पुढे केला. तराजू सोने तोलतो, तेव्हा तो प्रमाण. पण ठाऊक असलेल्या सोन्याने आपण तराजूही तपासतो, तेव्हा तोच प्रमेय. कोणतेही माप तपासणीच्या वर नाही.

हे उत्तर आजही लागू आहे, बरं का. तपासणीची तारीख उलटली, की पिपेट नुसती काचेची नळी उरते. डेअरीत शेतकऱ्याने ती तारीख विचारली, तर तो उद्धटपणा समजू नये. तो प्रमाणशास्त्राचाच प्रश्न आहे.