सोन्याचे घड्याळ कुठे गेले?

आमच्या मिरजेच्या घरी लोखंडी ट्रंकेत एक कागदाची पुडी आहे. पुडीत मनगटी घड्याळाचे स्विस मशीन आणि पिवळी पडलेली डायल. केस नाही. चावी दिली की आजही टिकटिक सुरू होते.

हे घड्याळ दादांना, म्हणजे माझ्या आजोबांना, १९४६ साली निकाहात सासऱ्यांनी दिले. केस १८ कॅरेट सोन्याची. पुरुषाने सोने अंगावर घालण्याला शरीयतमध्ये मनाई, म्हणून दादांनी ते कधी मनगटाला बांधले नाही. सासऱ्यांचा मान म्हणून रोज चावी मात्र दिली. रमजानात इफ्तारची वेळ सारे घर त्यावर पाही.

मनगटी घड्याळ आधी बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढणे अडचणीचे झाले आणि ते पुरुषांच्या मनगटावर रुळले. मुंबईत फेवर ल्युबा, वेस्ट एंड या कंपन्या स्विस घड्याळे विकत. १९३१ चे ‘रिव्हर्सो’ तर भारतात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी घडले. काच फुटू नये म्हणून त्याची केस उलटी फिरवता येते.

जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणले. नवे दागिने १४ कॅरेटपर्यंतच करायचे. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला, तो १९९० पर्यंत टिकला. त्या काळात लग्न निघाले की घरातले जुने सोने हाच आधार. १९७२ साली फुफूच्या लग्नासाठी दादा घड्याळ घेऊन सराफाकडे गेले. सराफाने झाकण उघडून मशीन बाहेर काढले आणि केस काट्यावर ठेवली. भाव सोन्याचा झाला, घड्याळाचा कोणी विचारला नाही.

अशी कितीतरी घड्याळे मुशीत गेली. स्टीलची वाचली, कारण ती वितळवून काही मिळत नव्हते. आज नामांकित कंपनीचे जुने सोन्याचे घड्याळ मूळ केस-डायलसह असेल, तर संग्राहक सोन्याच्या किमतीच्या अनेक पट मोजतात.

दादा चुकले असे मी म्हणणार नाही. त्या सोन्याच्या बांगड्या फुफूंच्या हातात आहेत. जिथे मुभा होती तिथेच ते सोने पोहोचले. पण तुमच्या घरी असे घड्याळ असेल, तर विकण्याआधी झाकण उघडून पाहा. १९९५ पूर्वीच्या १८ कॅरेट स्विस केसवर हेल्वेशिया या स्त्रीच्या मुखाचा छाप असतो, १४ कॅरेटवर खारीचा. नाव, नंबर लिहून ठेवा, फोटो काढा.

आमच्या केसवर आतून काय कोरले होते, हे सांगायला आता दादा नाहीत.