पतंग, पिझ्झा आणि विमानतळ : ड्रोनच्या नियमांचा छोटा इतिहास

आजचा विषय ड्रोनचा आहे, पण सुरुवात पतंगापासून करतो. आपल्याकडे ड्रोनच्या कायद्याची मुळं तिथवर जातात.

१९३४ साली इंग्रज सरकारने एअरक्राफ्ट ॲक्ट, म्हणजे विमान कायदा केला. कायदा करताना आधी व्याख्या करावी लागते. 'विमान' म्हणजे काय? त्या व्याख्येत फुगे आले, एअरशिप आली, ग्लायडर आलं आणि चक्क पतंगही आला. संक्रांतीला नागपूरच्या गच्च्यांवर 'ओ काट' म्हणून ओरडणारी पोरं कायद्याच्या भाषेत विमान उडवत होती! हे सांगितलं की लोक हसतात. पण त्यात एक शहाणपण होतं. वस्तू केवढी आहे हे त्या कायद्याने विचारलं नाही. ती हवेत आहे का, एवढंच विचारलं. कारण हवेतल्या रस्त्याला दुभाजक नसतो, फुटपाथ नसतो. तिथे लहान-मोठे सगळे एकाच जागेत असतात.

ही जाणीव त्याहूनही जुनी आहे. फ्रान्समध्ये १७८३ साली माणूस पहिल्यांदा फुग्यातून उडाला आणि पुढच्याच वर्षी, १७८४ मध्ये, पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला की परवानगीशिवाय फुगे उडवायचे नाहीत. माणूस उडायला लागल्यावर वर्षभराच्या आत नियम आला. ड्रोनच्या बाबतीत मात्र यंत्र आधी घराघरांत पोचलं आणि नियम मागून धावत आला. आजची गोष्ट त्या धावपळीची आहे.

मी स्वतः तोफखान्यातला. तोफखान्याचा अधिकारी देवळालीला शिकून येतो, आणि तिथे एक गोष्ट त्याच्या हाडात भिनवली जाते. गोळा कुठे पडणार एवढंच बघून चालत नाही, तो वाटेत किती उंच जाणार तेही बघावं लागतं. लांबच्या माऱ्यात गोळा काही हजार मीटर वर जाऊन मग खाली येतो. तेवढ्या आकाशातून कुणाचं विमान, कुणाचं हेलिकॉप्टर जात असेल. म्हणून फायरिंगच्या आधी जागा, वेळ आणि उंची वैमानिकांपर्यंत पोचवली जाते. सांगायची जबाबदारी जमिनीवरच्या माणसाची, कारण वरच्याला खालची तोफ दिसत नाही. ड्रोनचे नियम वाचताना मला हेच तत्त्व पानोपानी दिसतं.

आता आपल्या देशाकडे येऊ. मे २०१४ मध्ये मुंबईत एका पिझ्झावाल्याने ड्रोनने एका इमारतीच्या गच्चीवर पिझ्झा पोचवला. व्हिडिओ देशभर फिरला. लोकांना मजा वाटली, पोलिसांना नाही. मुंबईच्या आकाशात कुणी काय सोडलं, हे विचारायला त्यांच्याकडे धड नियमही नव्हता. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर सूचना काढली : नियम तयार होईपर्यंत खासगी माणसाने किंवा संस्थेने मानवरहित विमान उडवायचं नाही. सरसकट बंदी.

बंदीने काय झालं? ड्रोन येतच राहिले. लग्नांत उडाले, मिरवणुकांत उडाले. फक्त ते कुणाचे, किती, कुठे, याची नोंद कुठेच राहिली नाही. फौजेतला माणूस म्हणून सांगतो, जो हुकूम पाळला जात नाही आणि पाळला गेला की नाही हे कळतही नाही, तो हुकूम नसल्यापेक्षा वाईट. कारण त्याच्या भरवशावर वरचे निर्धास्त बसतात.

२७ ऑगस्ट २०१८ ला पहिली सविस्तर नियमावली आली आणि १ डिसेंबरपासून लागू झाली. वजनावरून पाच वर्ग पडले : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यावर लार्ज. विमानतळांसाठी वर्तुळं आखली गेली. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद इथे हद्दीपासून ५ किलोमीटर, बाकी सगळीकडे ३ किलोमीटर. आमचं रायपूर त्या 'बाकी'मध्ये होतं.

त्याच डिसेंबरात लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या. ऐन नाताळच्या गर्दीत सुमारे १,००० विमानांचं वेळापत्रक कोलमडलं, सुमारे १,४०,००० प्रवासी अडकले. एकही विमान पडलं नाही, कुणाला ओरखडा आला नाही, आणि गुन्हा कुणावर सिद्धही झाला नाही. ड्रोन 'असू शकतो' एवढ्या शंकेने मोठा विमानतळ बंद पडतो, हे जगाला कळलं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये इंफाळला आकाशात अनोळखी वस्तू दिसली, तेव्हाही काही तास विमानं थांबवावी लागली.

मग आलं २०२१. मार्चमध्ये नवे नियम आले. अर्जांचे २५ नमुने, शुल्काचे ७२ प्रकार. सामान्य माणूस त्यात शिरला असता तर बाहेर आला नसता. २७ जूनला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली, दोन जवान किरकोळ जखमी झाले. आता सरकार दोर आणखी आवळणार असं सगळ्यांना वाटलं. झालं उलट. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन रूल्स अधिसूचित झाले आणि दोर सैल झाला. अर्ज ५ उरले, शुल्काचे प्रकार ४. आकाशाचा नकाशा आला, सिग्नलसारखा : हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात १२० मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते. लालमध्ये केंद्र सरकारची. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा आधी ४५ किलोमीटरपर्यंत होता, तो १२ वर आला. ४५ म्हणजे रायपूरच्या विमानतळापासून जवळजवळ भिलाईपर्यंत!

माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. शत्रू परवानगीचा अर्ज भरत नाही. क्लिष्ट नियमांनी अडतो तो प्रामाणिक माणूस : गावठाण मोजणारा, भातावर औषध फवारणारा, स्वयंसहायता गटातली 'ड्रोन दीदी'. प्रामाणिक लोक नोंदणीच्या आत आले, तर बाहेरचा एखादा लवकर ओळखू येतो. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानने एका रात्रीत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचं आपल्या सरकारने सांगितलं. उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद ठेवावे लागले. अशा रात्री खालच्या तोफचीला हौशी ड्रोन आणि शत्रूचा ड्रोन यांतला फरक दिसत नाही.

पण दोर सैल झाला, याचा अर्थ भार कुणाकडे गेला? रिमोट हातात धरणाऱ्याकडे. हे रायपूरच्या उदाहरणाने सांगतो.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस इथे आहे, त्यामुळे हे शहर अनेकांना आजोळासारखं. आमचं स्वामी विवेकानंद विमानतळ माना इथे आहे. तेच माना, जिथे १९६४ नंतर पूर्व पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावण्या होत्या. तेव्हा ती शहराबाहेरची जागा होती. आज एका बाजूला जुनं रायपूर, दुसऱ्या बाजूला नवा रायपूर, आणि विमानतळ मधोमध. शहरातून तिकडे जाणाऱ्या व्हीआयपी रोडवर हॉटेलं आणि लग्नाची लॉन. म्हणजे ड्रोनला जिथे सगळ्यात जास्त मागणी, तिथून विमानंही सगळ्यात खाली उतरतात.

आमच्या कॉलनीतला एक मुलगा लग्नाचं शूटिंग करतो. त्याने मला विचारलं, "काका, माझा ड्रोन १०० मीटरच्या वर जात नाही. विमान तर केवढं वरून जातं. मग ८ किलोमीटर कशाला?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब करू. विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येतं. धावपट्टीवर टेकण्याच्या जागेपासून ८ किलोमीटरवर ते साधारण ४२० मीटर उंच असतं, ५ किलोमीटरवर २६० मीटर, आणि सव्वादोन किलोमीटरवर फक्त १२० मीटर. मग बाकीचं अंतर कशासाठी? चुकांसाठी. ड्रोनचा संपर्क तुटतो, वारा त्याला ओढून नेतो, कुणी हौसेने ५०० मीटरवर नेतो. विमान ताशी अडीचशे किलोमीटरने येतं, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. हाताएवढी वस्तू वैमानिकाला दिसली तरी तिची चुकवाचुकवी करायला त्याच्याकडे वेळ उरत नाही.

दुसरा प्रश्न ठरलेला : "एवढासा ड्रोन, पक्ष्याएवढा. काय होणार?" पक्षी मऊ असतो. ड्रोनमध्ये मोटारी आणि बॅटरीचा घट्ट गोळा असतो. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन विमानाचं जास्त नुकसान करतो असं दिसलं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसजवळ वणवा पेटला होता. आग विझवणाऱ्या विमानावर एक ड्रोन आदळला, वजन २५० ग्रॅमच्या आतलं. पंखाला भोक पडलं आणि आगीच्या ऐन धुमाळीत ते विमान काही दिवस जमिनीवर बसलं. उडवणाऱ्याला फक्त आग बघायची होती. ड्रोन अडीच किलोमीटर दूर गेला आणि त्याच्या नजरेआड झाला.

आमच्याकडे विमानापेक्षा मला हेलिकॉप्टरची काळजी जास्त वाटते. ३ एप्रिल २०२१ ला विजापूर-सुकमा सीमेवरच्या चकमकीत २२ जवान शहीद झाले आणि ३१ जखमी. हे विजापूर आमच्या बस्तरमधलं, कर्नाटकातलं नव्हे. जखमींपैकी काहींना हवाई मार्गाने रायपूरला आणलं गेलं. बस्तरमधून असे जखमी अनेक वर्षं याच शहरात येत आले. हेलिकॉप्टर ३ अंशांच्या ठरलेल्या रेषेवरून येत नाही. ते खालून येतं, कुठल्याही दिशेने येतं आणि पोलीस लाइनसारख्या शहरातल्या हेलिपॅडवरही उतरतं. आत रक्त वाहत असलेला कुणाचा तरी मुलगा असतो. समोर ड्रोन दिसला आणि वैमानिकाला फेरी मारावी लागली, तर तेवढी मिनिटं त्या मुलाच्या आयुष्यातून वजा होतात.

म्हणून मी त्या मुलाला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. उडवण्याआधी प्रत्येक वेळी डिजिटल स्कायवर नकाशा बघायचा. हे नियमानेच बंधनकारक आहे. काल हिरवं होतं म्हणून आज असेल असं नाही, कारण पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल पट्टा जाहीर करू शकतो. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत मोकळं आकाश नाही, तिथे जमिनीपासूनच मनाई किंवा परवानगी. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत सूट, त्यावर परवानगी. ड्रोनला नोंदणीचा नंबर हवा. नॅनोला आणि हौसेच्या मायक्रोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण मायक्रो घेऊन धंदा करणाऱ्याला लागतं. नियम मोडला तर १ लाखापर्यंत दंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं : आत माणूस असलेल्या विमानाचा हक्क पहिला. हेलिकॉप्टरचा आवाज आला की 'एवढा एक शॉट' म्हणायचं नाही, ड्रोन खाली घ्यायचा.

१९३४ चा तो कायदाही आता गेला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे. कायदे बदलतील, किलोमीटर कमी-जास्त होतील. पण वैमानिकाला खालचा माणूस दिसत नाही, हे बदलणार नाही.

हे ऐकणारे तुम्ही नागपूर, इंदूर, बडोदा, बेळगाव, कुठेही असाल. या सगळ्या शहरांना विमानतळ आहे. घरात ड्रोन असेल तर आज रात्री मुलांना जवळ बसवा, आपल्या शहराचा नकाशा उघडा आणि आपलं घर कोणत्या रंगात येतं ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.