जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क पूर्ण का दिसत नाही?

आपल्या नाशिकमध्ये कितीतरी घरांत माळ्यावर अजून एखादा असेंबल्ड पेंटियम धूळ खात पडलेला असतो. त्याला मोठी हार्ड डिस्क लावायचा विचार असेल, तर आधी एक आकडा लक्षात ठेवा: १३७ जीबी.

डिस्कवरची जागा ५१२ बाइटच्या कप्प्यांत विभागलेली असते. हे कप्पे म्हणजे सेक्टर, आणि प्रत्येकाला पत्ता लागतो. पत्ता लिहायला जेवढे बिट, तेवढीच घरं.

सुरुवातीच्या पीसीत तर गंमतच होती. बायोसला १०२४ पेक्षा जास्त सिलिंडर मोजता येत नव्हते, आणि आयडीई डिस्कला १६ पेक्षा जास्त हेड चालत नव्हते. दोघांच्या अटी एकदम पाळायच्या म्हटल्यावर १०२४ × १६ × ६३ × ५१२, म्हणजे जेमतेम ५२८ एमबी! हेडचा आकडा फुगवून सांगायची युक्ती निघाली आणि मर्यादा ८.४ जीबीवर गेली. मग सेक्टरना सरळ ओळीने नंबर द्यायची पद्धत, म्हणजे एलबीए, पूर्णपणे वापरात आली. त्यात पत्त्याला २८ बिट होते. २६,८४,३५,४५६ सेक्टर, झाले १३७ जीबी.

पंचवटीतल्या एका काकांनी त्यांचा पीसी मला दाखवला होता. डिस्क १६० ची, विंडोजमध्ये दिसत होती १२८. त्यांना वाटलं, दुकानदाराने फसवलं. पण विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं, म्हणून १३७ चे १२८ दिसतात. डिस्क अगदी ठीक होती.

जागा कमी दिसली तर नुकसान नाही. खरा धोका वेगळाच आहे. नव्या मशिनवर पूर्ण पार्टिशन केलेली डिस्क अशा जुन्या सिस्टिमला लावली आणि १३७ च्या पुढे फाइल लिहिली गेली, तर पत्ता फिरून पुन्हा सुरुवातीला येऊ शकतो. मग तिथल्या फाइल्सवरच नवा डेटा लिहिला जातो. लग्नाचे, बारशाचे फोटो असे गेले तर परत मिळणं अवघड.

४८ बिटांचा पत्ता विंडोज एक्सपीला २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून नीट कळतो. बायोसलाही तो कळायला हवा. काही पीसी ३२ जीबीच्या वरची डिस्क लावली की सुरूच होत नाहीत. त्यासाठी काही डिस्कवर क्षमता ३२ जीबी दाखवणारा जंपर असतो.

फक्त जुने फोटो काढायचे असतील तर यातलं काहीच करू नका. डिस्क बाहेर काढा, आयडीई ते यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडा आणि आधी सगळं कॉपी करा.