खुर्चीचं भाडं

हॉटेलातल्या एक कप चहाच्या किमतीत चहा किती आणि खुर्ची किती, हा प्रश्न बी. कॉम.च्या कॉस्टिंगच्या पेपरात मला कधी आला नाही. आला असता तर निदान एक उत्तर मी मनापासून लिहिलं असतं. काउंटरच्या आतल्या बाजूला वीस-बावीस वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की या जगात फुकट बसायला कुणालाच मिळत नाही. आमच्या शाखेत पासबुक भरून घ्यायला आलेले आजोबा पंख्याखालच्या बाकावर तास-तास बसतात. तुम्हाला वाटेल, फुकट बसतात. छे! त्यांची मुदतठेव आमच्याकडे असते. हॉटेलचं तसंच. आपण समजतो, आपण चहा प्यायलो. मालक समजतो, या गृहस्थानं अडीच फूट जागा चाळीस मिनिटं भाड्यानं घेतली. मग जागोजागी एकाच तोंडवळ्याची हॉटेलं काढणाऱ्यांनी हे भाडं कसकसं वसूल केलं, हे पाहणं ओघानं आलंच.

आता इराणी घ्या. कायद्याच्या भाषेत ही काही साखळी नव्हे. प्रत्येकाचा मालक वेगळा. पण संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बरण्यांतून खारी-नानकटाई आणि गल्ल्यावर नुकतंच कुणीतरी पैसे बुडवल्यासारखा चेहरा केलेला मालक, एवढं सामान कुठेही तेच. एक पाहिला की शंभर पाहिले. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. कोपऱ्यावरची जागा आपल्या व्यापाऱ्यांना अशुभ वाटायची म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. दोन रस्त्यांचा वारा खेळणारी जागा अशुभ मानणारे आपले पूर्वज उन्हाळ्यात काय करत असतील कोण जाणे!

इराण्याकडे एक ब्रून मस्का आणि एक पानी कम घेऊन माणूस अख्खा पेपर, छोट्या जाहिरातींसकट, वाचून काढायचा. मालकाचं हत्यार एकच, नियमांची पाटी. धोबीतलावच्याच बस्तानीतल्या पाटीवर तर निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली. (आमच्या शाखेतल्या 'रांगेने या' या पाटीला हा मान अजून मिळायचा आहे.) पण या पाट्यांवर मी एक गंमत पाहिली. काय काय करू नये याची यादी लांबलचक असायची. 'उठा आता' असं मात्र मी तरी कुठे वाचलं नाही.

हा दिलदारपणा कुठून आला? थोडा इराणातून, बराचसा १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातून. या कायद्यानं जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. गिऱ्हाईक इराण्याच्या खुर्चीत बसून उठत नव्हतं, आणि इराणी घरमालकाच्या जागेत बसून उठत नव्हता! पुढे जागांना सोन्याचे भाव आले, मालकांची मुलं शिकून दुसरीकडे गेली आणि खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायची वेळ आली. बस्तानी २००४ मध्ये बंद झालं.

एकाच धन्याची, अगदी कायदेशीर साखळी म्हणजे इंडिया कॉफी हाउस. १९३० नंतरच्या मंदीत मळेवाल्यांच्या कॉफीला परदेशात उठाव नव्हता. तेव्हा देशातलीच माणसं कॉफीला लावावीत म्हणून कॉफी सेस कमिटीनं १९३६ साली पहिलं कॉफी हाउस उघडलं. कुठे? चर्चगेटला! पोटात चहा असलेल्या मुंबईकराला याचा पत्ताच नाही. पुढे ही हॉटेलं कॉफी बोर्डाकडे आली, देशभर पन्नासच्या आसपास झाली आणि पन्नाशीच्या दशकात ती बंद करायची असं बोर्डानं ठरवलं. तुरेवाले फेटे बांधून कॉफी देणारे वेटर रस्त्यावर येणार. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं, सहकारी संस्था काढा आणि हॉटेलं तुम्हीच चालवा. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगलोरला पहिली संस्था झाली, ऑक्टोबरात दिल्लीला त्यांचं कॉफी हाउस सुरू झालं. पगार देणारा तोच, पगार घेणाराही तोच. नावे आणि जमा या दोन्ही बाजूंना एकाच माणसाचं नाव असलेली अशी एन्ट्री मी पास केली असती तर हेड ऑफिसनं मला दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला पाठवलं असतं. इथे मात्र ती पास झाली, आणि केरळात, मध्य प्रदेशात, कोलकत्यात अजून चालू आहे. केरळातल्या शाखांत मसाला डोशाच्या भाजीत बीट घालतात. ते का, हे विचारायचं नसतं; सहकारी संस्थेचा ठराव असतो.

नव्वद दिवस ज्या कर्जावर हप्ता येत नाही त्याला आम्ही बँकवाले 'अनुत्पादित' म्हणतो. रिकाम्या कपापुढे नव्वद मिनिटं बसलेलं गिऱ्हाईक त्याच वर्गातलं. या हिशेबानं कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस कोणत्याही ऑडिटरला घेरी आणील. पण त्याच थकबाकीतून तिथे मासिकं निघाली, चित्रपट ठरले, पक्ष फुटले. दिल्लीत तर कॅनॉट प्लेसमधलं कॉफी हाउस आणीबाणीत पाडून टाकलं गेलं. बसलेली माणसं काय बोलतात याची सरकारलाही धास्ती वाटते, एवढी या खुर्चीची पत!

उडप्यानं हा सगळा प्रकार ओळखला. दक्षिण कन्नडातून आलेली पोरं दिवसा टेबलं पुसायची, रात्री मुंबईतल्या कानडी नाइट स्कूलमध्ये शिकायची आणि पुढे मालक व्हायची. वेळेची किंमत त्यांना कुणी शिकवायला नको होती. दुपारी एक वाजता फोर्टातल्या उडप्याकडे जाऊन पाहा. तुमच्या इडलीचा दुसरा तुकडा तोंडात जातो न जातो तोच एक अनोळखी गृहस्थ तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, यमदूताच्या चिकाटीनं, उभा राहतो. वेटर विचारतो, "और कुछ?" या दोन शब्दांचा मराठी अर्थ 'निघा' असा आहे. १९८३ मध्ये बंगलोरच्या जयनगरात 'कॅफे दर्शिनी' निघालं आणि त्यानं खुर्च्याच काढून टाकल्या. उभ्यानं खा, हात धुवा, चालू लागा. खुर्ची वजा झाल्याबरोबर डोसा स्वस्त झाला. माझं कॉस्टिंग बरोबर होतं!

मग आलं १९९६. ऑक्टोबरात मॅकडोनल्ड्स दिल्लीत आणि लगोलग मुंबईत आलं. गाय नाही, डुक्कर नाही, वर आलू टिक्की, म्हणजे पावात घातलेला आपला घरचाच माणूस. खुर्च्या कडक, कुठे कुठे जमिनीला ठोकलेल्या, लवकर उठण्याजोग्या. पण ज्या माणसानं लोकलच्या चौथ्या सीटवर कर्जत गाठलं आहे त्याला कडक खुर्चीची काय भीती? पोरांनी एका सरबतावर तिथे अख्खं अकाउंटन्सी पार केलं.

त्याच वर्षी बंगलोरच्या ब्रिगेड रोडवर व्ही. जी. सिद्धार्थ यांनी पहिलं कॅफे कॉफी डे काढलं. तिथे कॉफीबरोबर इंटरनेट मिळायचं, आणि तेही तासावर. कोचात बसा, हवे तेवढे बसा. भाडं कपात धरलेलं आहे. आम्हा मध्यमवर्गीयांना हे महाग वाटलं, पण लागू पडलं. आमच्या बाबांनी लग्न ठरल्यावर आईला इराण्याच्या फॅमिली रूममध्ये नेलं होतं, कारण चाळीत नऊ माणसं होती. २००८ साली आमच्या डोंबिवलीच्या घरात सहा होती. दाखवण्याचा कार्यक्रम पोह्यांवर झाला खरा, पण मला आणि हिला एकमेकांशी धड वाक्य बोलता आलं ते कॉफी डेमध्येच. दोन कॉफ्यांचे पैसे पाहून माझ्या पोटात गोळा आला. हिनं मात्र ती एक कोल्ड कॉफी अडीच तास पुरवली. बाई संसाराला चांगली, हे मी तिथेच नक्की केलं.

त्या कोचांचा हिशेब पुढे कुणालाच जमला नाही. २०१९ च्या मार्चअखेर कंपनीवर सात हजार कोटींच्या वर कर्ज होतं; जुलैत सिद्धार्थ गेले. सतराशेच्या वर असलेली दुकानं दोन-तीन वर्षांत पाचशेच्या घरात आली. कर्जाच्या फायली हाताळणाऱ्या माणसाला यावर विनोद सुचत नाही. आम्ही बसलो होतो ते दुकानही गेलं. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे.

२०१२ मध्ये हॉर्निमन सर्कलला टाटांच्या भागीदारीत आलेल्या स्टारबक्समध्ये मी एकदाच गेलो. पेल्यावर नाव लिहून देतात. आमच्याकडे कॅश काउंटरच्या टोकनवर सुद्धा नाव नसतं, नंबर असतो, त्यामुळे जरा भरून आलं.

आता आमचे चिरंजीव. वय वर्षं पंधरा. त्यांना हॉटेलात बसायचंच नसतं. मोबाइलवर बोट फिरवतात आणि अर्ध्या तासात डबा दारात. ज्या हॉटेलातून तो येतो त्याला खुर्ची नाही, टेबल नाही, दाराशी पाटी नाही. कुठेतरी मागच्या गल्लीत नुसतं स्वयंपाकघर. म्हटलं, चला, खुर्ची गेली, भाडं सुटलं. परवा बिल नीट वाचलं. त्यात 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून एक रक्कम होती. २०२३ साली ही सुरू झाली तेव्हा दोन रुपये असायची. आता बरीच वर गेली आहे. मी चिरंजीवांना विचारलं, "अरे, खुर्ची आपली, टेबल आपलं, पंखा आपला, ताटं तुझी आई घासणार. मग हे कसले?"

"बाबा," बर्गरवरून नजर न काढता ते म्हणाले, "और कुछ?"