आपला रविवार कुणी मागितला?

आजचा भाग सुरू करण्याआधी एक कबुली द्यायची आहे.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात हॅपिनेस सर्व्हे आला. पाच चेहरे, रडक्यापासून खिदळणाऱ्यापर्यंत, आणि वर प्रश्न: गेल्या आठवड्यात कामावर तुम्हाला कसं वाटलं? मी चौथा चेहरा दाबला. म्हणजे जवळजवळ खिदळणारा.

त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, साताऱ्यात माझ्या भाचीचं बारसं होतं आणि मी ऑन-कॉल होतो. सकाळी अकराला अलर्ट आला. खाली बायका पाळणा म्हणत होत्या आणि मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मोबाइलचं हॉटस्पॉट लावून लॉग वाचत बसलो होतो. खाली उतरलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं. ताई काही बोलली नाही, घुगऱ्यांची वाटी तेवढी हातात दिली. तरी सोमवारी मी चौथा चेहरा दाबला. सर्व्हे निनावी म्हणतात, पण लिंक माझ्याच ईमेलवर आलेली. शिवाय रडका चेहरा दाबला तर पुढे नेमकं काय होणार, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

रविवारी रात्री परतताना एसटीत फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड आला होता: ‘रविवारची सुट्टी इंग्रजांनी नाही, एका मराठी माणसाने मिळवून दिली!’ एरवी मी असले मेसेज वाचत नाही. त्या रात्री वाचला, आणि मग महिनाभर शोधत बसलो. फॉरवर्ड अर्धा खरा निघाला. उरलेला अर्धा जास्त इंटरेस्टिंग आहे, म्हणून हा भाग.

तर तो मराठी माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचा. आधी रेल्वेत, मग पोस्टात नोकरी, आणि पुढे मुंबईत एका कापड गिरणीत स्टोअरकीपर. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला कार्यकर्ता. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईतून चालवू लागले. म्हणजे बघा, माणूस गिरणीचा हिशेबही बघतोय आणि गिरणीबद्दल लिहितोयही.

तेव्हाची गिरणी कशी होती? मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावरांची, १८५४ साली स्थापन झालेली. पुढच्या तीसेक वर्षांत गिरणगाव धुरांड्यांनी भरून गेलं. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. म्हणजे थंडीत दिवस जरा लहान आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत मोठा. तास घड्याळ ठरवत नव्हतं, सूर्य ठरवत होता. पगार एकेक, दोनदोन महिने मागे ठेवायचे, म्हणजे माणूस सोडून जाऊ शकत नाही. आपल्याकडे याला नोटीस पीरियड म्हणतात, असा एक पीजे माझ्या डोक्यात आला होता. आणि रविवार? काही गिरण्या बंद असायच्याही, पण मग साचे पुसायला, यंत्रं साफ करायला त्याच दिवशी बोलवायचे. अर्धा दिवस तिथेच गेला. सणावारी सुट्ट्या मिळायच्या, पण दर आठवड्याला हक्काची अशी एकही नाही.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तास, महिन्याला चार सुट्ट्या. मोठ्या माणसांबद्दल? एक शब्द नाही. आणि या कायद्यामागे जोर कुणाचा होता, तर बराचसा लँकेशायरच्या गिरणीमालकांचा! मुंबईचं स्वस्त कापड त्यांना टोचत होतं. मुलांची कणव येणारे लोक तिकडे नव्हते असं नाही, पण हिशेबही होताच. आपल्या सुखामागे कुणाचा धंदा असतो हे नेहमी छान दिसतंच असं नाही.

मग १८८४ मध्ये मुंबई सरकारने कायदा तपासायला एक आयोग नेमला. आयोग म्हणजे त्या काळचा सर्व्हेच. फरक इतकाच की लोखंडेंनी चेहरा दाबला नाही. त्यांनी २३ आणि २६ सप्टेंबरला कामगारांच्या सभा घेतल्या, पहिली परळच्या सुपारीबागेत, आणि तिथे ठरलेलं निवेदन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी आयोगाकडे गेलं.

त्यातल्या मागण्या मी तीनदा वाचल्या. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय.

यात ‘आम्हाला आनंदी करा’ असं कुठेच नाही. सगळ्यात तारीख आहे, वेळ आहे, पैसा आहे. पंधरा तारीख म्हणजे पंधरा तारीख, पाळली की नाही हे कुणालाही तपासता येतं. आम्ही कोड लिहिताना ज्याला टेस्टेबल म्हणतो ना, तसं. आणि अजून एक: विणखात्यात मजुरी मापावर मिळायची, जितकं कापड तितके पैसे. म्हणजे रविवार मागणारा विणकर त्या दिवसाची मजुरी सोडायला तयार होता. त्याला तो दिवस किती हवा असेल?

इथे जरा नागपूरला जाऊन येऊ. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. मालाला तोटा नव्हता, कामगार रोज येत नव्हते हा तोटा होता. टाटांनी मग हवा खेळती राहील अशी सोय केली, चांगल्या हजेरीसाठी बक्षीस समारंभ ठेवले, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला. त्या काळाच्या मानाने हे फार पुढचं होतं आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. नागपुरात मालकाने विचार केला की कामगार कशाने टिकेल. परळमध्ये कामगारांनी स्वतः सांगितलं की आम्हाला काय हवं. आमच्या ऑफिसातलं पिझ्झा फ्रायडे हे नागपूरच्या वंशातलं आहे. मी पिझ्झा खातो, आवडीने खातो. पण रविवार पिझ्झाच्या वाटेने आलेला नाही.

आलाही लगेच नाही. आयोगाचा अहवाल आला, कायदा जागचा हलला नाही. लोखंडे ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’च्या नावाने अर्ज करत राहिले. ही भारतातली पहिली कामगार संघटना असं आपण शाळेत वाचतो, पण सरकारी अहवालात तिच्याबद्दल नोंद आहे की तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. एक माणूस, एक पत्र आणि हाक दिली की जमणारे लोक. ॲडमिन एकच, बाकी सगळे गरज पडली की ग्रुपवर येणारे!

मग २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. दहा हजार कामगार जमले. त्यात दोन बायका भाषणाला उभ्या राहिल्या. गिरणीत बारा तास राबून, घरचं आवरून, १८९० साली दहा हजारांपुढे बोलणं! मला स्टँडअप मीटिंगमध्ये मॅनेजरसमोर दोन वाक्यं बोलताना घाम फुटतो. सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या असोसिएशनकडे गेला आणि १० जून १८९० ला मालकांनी आठवड्याच्या सुट्टीचा ठराव केला. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास दोन्ही आले.

आता फॉरवर्डचा चुकलेला भाग. ‘१० जूनपासून सगळ्या भारताला रविवारची सुट्टी’ असं त्यात होतं. तसं नाही. सरकारी कचेऱ्यांना, मिशनऱ्यांच्या शाळांना रविवार आधीच मोकळा होता, कारण साहेबाला चर्चला जायचं असायचं. कायद्याने सुट्टी नव्हती ती गिरणीतल्या मोठ्या माणसाला. म्हणजे रविवार अस्तित्वात होताच, फक्त वाटणीत मिळाला नव्हता. खंडोबाचा वार म्हणून लोखंडेंनी रविवार मागितला असंही सांगतात. मला ते आवडतं, कारण साहेबाच्या चर्चशेजारी आपला मल्हारी उभा राहतो.

सहा वर्षं लागली, सह्यांपासून ठरावापर्यंत. लोखंडे त्यानंतर फार जगले नाहीत. मुंबईत प्लेग पसरला, ते रुग्णांसाठी धावत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले.

आणि एक गोष्ट त्यांना बघावी लागली नाही. निवेदनात लिहिलं होतं, सूर्यास्ताला काम बंद. १९०५ च्या आसपास गिरण्यांत विजेचे दिवे आले. अंधार पडेना, भोंगा होईना, दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार चिडले, गिरण्यांवर दगडफेकही झाली. कापड गिरणीतल्या मोठ्या पुरुषांच्या तासांना कायद्याने पहिली मर्यादा १९११ मध्ये घातली, ती पण बारा तासांची. सूर्य ठरवत होता तोपर्यंत तो निदान मावळायचा तरी.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि माझा फोन उशाशी चार्जिंगला होता, आवाज चालू ठेवून.

दुसऱ्या दिवशी टीममधल्या दोघांशी जेवताना बोललो. आम्ही एक पानाचं लिहिलं. ऑन-कॉलचा रविवार एकाला महिन्यातून एकदाच. त्या बदल्यात त्याच आठवड्यात एक दिवस सुट्टी. घरचं कार्य असेल तर आठ दिवस आधी सांगून अदलाबदल, मॅनेजरला विचारायची गरज नाही. खाली सह्या करायच्या की नाही यावर अर्धा तास वाद झाला, कारण सह्या म्हणजे नावं दिसणार. शेवटी अकरापैकी सात जणांनी केल्या. माझी तिसरी आहे. पान गेल्या गुरुवारी वर गेलं, उत्तर अजून आलेलं नाही.

ताईला मात्र मी लगेच फोन केला आणि विचारलं, उष्टावण कधी करताय. ती म्हणाली, तू रविवार सांग, मग ठरवू.